सासूबाईंचं घड्याळ आणि दाराएवढा मासा

आमच्या सासूबाई नेदरलँड्समध्ये जवळजवळ तीन महिने राहिल्या, पण त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला त्याचा पत्ता नव्हता.

विमानतळावरच मिलिंद (माझा नवरा, त्यांचा एकुलता एक) म्हणाला होता, "आई, घड्याळ साडेतीन तास मागे घे."

"कशाला? परत जायचंय ना मला? मग उगाच काटे मागेपुढे करत बसू?"

झालं. ते चावीचं घड्याळ रायस्वाइकच्या आमच्या घरात रेवदंड्याच्या वेळेवर चालत राहिलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन आणि आत आई (मीही त्यांना आईच म्हणते) देवापुढे तिन्हीसांजेचा दिवा लावतायत! आमची सई शाळेतून सायकल हाणत यायची आणि दारातूनच विचारायची, "आजी, ऑलरेडी संध्याकाळ?"

"माझी झाली. तुझी व्हायचीय. हातपाय धू."

याचा मला काडीचाही त्रास नव्हता. आल्यापासून आईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. मी लॅपटॉप उघडायच्या आत सगळ्यांचे डबे भरलेले असायचे. एवढ्या बदल्यात माणसाने घड्याळाचे दोन काटे सहन करावेत. त्रास होता तो माशांचा.

रेवदंड्याला आईंचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथे मासा दारात येतो तो डोळे उघडे ठेवून. आम्ही सुपरमार्केटमधून जो मासा आणतो त्याला डोळे नसतात, शेपटी नसते, काटाही नसतो. आईंनी पहिलं पाकीट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि मला विचारलं, "साबणाच्या वड्या फ्रीजमध्ये का ठेवता गं?"

(द हेगच्या बाजारात डोक्यासकट मासा मिळतो, हे मला ठाऊक आहे. कृपया कोणी कळवू नये. आणला होता. आईंनी त्याचा कल्ला उचलून आत पाहिलं आणि कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "बरेच दिवस झाले वाटतं याला.")

परत जायची तयारी सुरू झाली. बॅगेत चीज कोंबता कोंबता आई सहज म्हणाल्या, "या गुडघ्यांनी आता काही पुन्हा एवढ्या लांब येणं व्हायचं नाही. सगळं बघितलं. फुलं बघितली, पवनचक्क्या बघितल्या. माझा मुलगा या देशात एकदा तरी धड मासा खातोय, एवढं बघून गेले असते तर जिवाला बरं वाटलं असतं."

मी काही हळवी बाई नाही. माझ्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. मी कॅलेंडर उघडलं. शनिवारी आषाढातली अमावस्या, म्हणजे गटारी; मासे-मटण पोटभर खाऊन घ्यायचा शेवटचा दिवस. रविवारपासून श्रावण. श्रावणात आई माशाकडे बघतही नाहीत. आणि श्रावण लागल्यावर लगेच त्यांचं विमान. म्हणजे जे काय व्हायचं ते शनिवारीच.

"आई," मी म्हणाले, "शनिवारी मी तुम्हाला ताजा मासा खाऊ घालते. समुद्रातून मी स्वतः काढलेला!"

हे मी का बोलले, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पुण्याची. लहानपणी मी पाहिलेला सर्वांत मोठा जिवंत मासा आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे काचेच्या पेटीत होता.

आईंचे डोळे चमकले. "शनिवारी बाराच्या आत पान वाढशील ना? बारा वाजले की श्रावण."

"बाराच्या आत? आई, आरामात!"

"माझ्या बाराच्या आत," आई म्हणाल्या आणि मनगटावरच्या काचेवर त्यांनी बोटाने टकटक केलं.

"म्हणजे आपले साडेआठ," मिलिंद कोपऱ्यातून पुटपुटला.

आता या मोहिमेला एक जाणकार हवा होता. तो मिळाला बापटाच्या रूपात. बापट म्हणजे मिलिंदचा कापेल गावातल्या ऑफिसातला मित्र, माझ्यासारखाच पुण्याचा आणि जन्मापासून शाकाहारी. त्यामुळे मासेमारीचा त्याने अत्यंत निःपक्षपातीपणे अभ्यास केला. दिवसभर गळ टाकायला नेणाऱ्या बोटीची त्यानेच तिकिटं काढली आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "वहिनी, बांगडेबिंगडे सोडा. हॅलिबट!"

"तो केवढा असतो?"

"दाराएवढा!"

"दाराएवढा? मग मी तो कापू कुठे?"

"बागेत!" बापट म्हणाला. सगळं ठरवूनच आला होता.

आईंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं. शनिवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आमच्याकडचं सर्वांत मोठं पातेलं भरून वाटण वाटून ठेवलं होतं. खोबरं, धणे, मिरच्या, सगळं दाराच्या मापाने.

स्खेवेनिंगेनच्या बंदरात बोट उभी होती. बोटीवर आम्ही तिघं आणि बाकी सगळे डच आजोबा. वर्षानुवर्षं याच बोटीवर येणारे, आपापली घडीची खुर्ची आणि आपापला थर्मास घेऊन. त्यांच्यातला हेंक नावाचा एक दणकट म्हातारा माझ्या शेजारी उभा राहिला. मी कठड्यापाशी गेले. कठडा माझ्या हनुवटीला लागला.

मी उंचीने कमी आहे. हे मी इतरांना सांगत नाही, कारण त्यांना दिसतं. कप्तानाने माझ्याकडे पाहिलं, आत गेला आणि मासे ठेवायचं एक प्लास्टिकचं खोकं आणून माझ्या पायाशी उपडं टाकलं. मी त्यावर चढले. आता समुद्र दिसायला लागला.

मग कप्तानाने नियम सांगितले. (तो डचमध्ये बोलला, मला ती भाषा नगरपालिकेत भांडण्यापुरती येते.) कठड्यावर पट्टी चिकटवलेली होती. मासा पट्टीवर धरायचा, मापात बसला नाही तर परत पाण्यात सोडायचा. दुसरं, दोरी तळाला लागली की थांबायचं, जास्त सोडायची नाही.

बापटाने हात वर केला. "हॅलिबट साधारण कुठल्या बाजूला लागतात?"

कप्तानाने शांतपणे उत्तरेकडे बोट दाखवलं. "नॉर्वेच्या."

"म्हणजे अगदीच अशक्य नाही," बापट माझ्या कानात म्हणाला.

मिलिंद खरं तर माझ्याजवळच उभा राहणार होता. पण मी त्याला गळाची काठी कशी धरायची, पाय कसे ठेवायचे आणि टोपी कशी घालायची एवढंच सांगितलं, तर तो म्हणाला, "तू इथे मुख्य शाखा चालव. मी पलीकडे उपशाखा उघडतो." आणि बोटीच्या दुसऱ्या बाजूला निघून गेला. मधे कप्तानाची केबिन. आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही काही वाईट सोय नव्हे.

एका बुडालेल्या जहाजाच्या वर बोट थांबली. गळ पाण्यात गेले आणि हेंकने पाहता पाहता एक कॉड मासा वर घेतला. मग दुसरा. पलीकडचे आजोबाही ओढायला लागले. माझ्याही गळाला एक मासा लागला! तळहाताएवढा, चपटा, गोंडस. मी पट्टीवर धरला. तो पट्टीच्या निम्म्यातच संपला.

"परत," कप्तान म्हणाला.

"अहो, याच मापाचा तर गोड लागतो!"

"परत."

मी त्याला परत सोडला. (जाता जाता त्याने शेपटीने माझ्या तोंडावर पाणी मारलं. उपकाराची जाणीव अशी नाहीच.)

इथे मी डोकं चालवलं. छोटा मासा वर असतो, तर मोठा नक्कीच खोल असणार. मग दोरी तळापाशी थांबवायची कशाला? आहे ना रिळात भरपूर, सोडू या! मी सोडत गेले, सोडत गेले. बोट वाऱ्याने सरकत होती. दोरी तिरपी होऊन बोटीखाली चालली होती, ते मला दिसलंही. मला वाटलं, बरंच झालं, मासे तिथे सावलीला असतील.

आणि काठीला हिसका बसला!

साधासुधा नाही. काठी वाकून पाण्याला टेकली, रीळ किंचाळायला लागलं आणि मी खोक्यासकट कठड्यावर आपटले.

"बापट!" मी ओरडले. "लागला!"

बापट धावत आला. त्याने वाकलेली काठी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "हॅलिबट!" तो इतक्या जोरात ओरडला की डच आजोबांनीही माना वळवल्या. "वहिनी, ओढा! नाही, थांबा! नाही, ओढा!"

मी ओढलं. मासाही ओढत होता. मी जोर लावला की तो थोडा यायचा. मी दम खायला थांबले की तो दुप्पट ताकदीने दोरी पळवायचा. एवढा हट्टी प्राणी मी त्याआधी एकच पाहिला होता. (तेव्हाच संशय यायला हवा होता.)

कप्तान केबिनमधून बाहेर आला, काठीकडे पाहून त्याने शीळ घातली आणि हुकूम सोडला, "सगळ्यांनी दोऱ्या वर घ्या! मोठा मासा आहे!" एका बाईच्या माशासाठी या सगळ्यांनी आपापले गळ गुंडाळले. मला भरून आलं.

बापट तेवढ्यात पलीकडे बातमी द्यायला गेला होता, तो धापा टाकत परत आला. "वहिनी! मिलिंदलाही लागलाय! तेवढाच मोठा! तोही मघापासून झुंजतोय!"

"दोन?"

"जोडी आहे! नर-मादी!"

दाराएवढे दोन! माझ्या डोळ्यांसमोर आईंचं पातेलं आलं. वाटण कमी पडणार! माझ्या अंगात बळ संचारलं. मी पाय रोवले, दात आवळले आणि ओढलं. पलीकडून मिलिंदचा आवाज आला, "अरे, हा पळतोय! धरा मला कोणीतरी!" त्याला बहुधा दोन आजोबांनी धरलं, कारण लगेच माझी दोरी सर्रकन पळाली.

"वहिनी, मी तुम्हाला धरू का?" बापटाने संकोचून विचारलं.

"मला नको, काठी धर!"

आता एका बाजूला मी, बापट आणि शेवटी हेंक. दुसऱ्या बाजूला मिलिंद आणि त्याचे दोन आजोबा. किती वेळ चाललं कोण जाणे, माझे दंड थरथरायला लागले होते. बापट मधूनमधून मला खोबऱ्याची वडी भरवत होता. कप्तान मात्र आता दोरीकडे निरखून बघत होता. तो माझ्याकडे आला, पलीकडे गेला, पुन्हा माझ्याकडे आला. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, जरा ओढता?"

मी ओढलं.

"पळाला!" पलीकडून मिलिंद ओरडला.

"आता सोडा."

मी सोडलं.

"आला! आला!" मिलिंद.

पहिल्यांदा समजलं ते हेंकला. तो आपल्या घडीच्या खुर्चीत बसला आणि हसता हसता खुर्चीसकट मिटला. कप्तानाने खिशातून चाकू काढला आणि बोटीखालून गेलेल्या माझ्या दोरीला एकच काप दिला. पलीकडे धप्पकन आवाज झाला. मिलिंद आणि त्याचे दोन्ही आजोबा एकदम खाली बसले होते.

बापटाने कठड्यावरून वाकून समुद्रात पाहिलं. मग म्हणाला, "पण ताकद मात्र हॅलिबटचीच होती हं, वहिनी."

हसण्यावारी गेलं, पण त्यानंतर मासा काही लागला नाही. भरती फिरली होती. दोऱ्या मोकळ्या करण्यात वेळ गेला तो गेलाच. आजोबांनी सकाळीच आपापले मासे काढून ठेवले होते. रिकामे होतो ते आम्हीच. कप्तानाने बोट बंदराकडे वळवली, तीही उशिरा. मिलिंद माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने काही टोमणा मारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"सुपरमार्केट उघडं असेल," तो म्हणाला.

"साबणाच्या वड्या?" मी म्हणाले.

किनारा दिसायला लागला तसा फोनला जीव आला आणि लगेच आईंचा व्हिडिओ कॉल. "काय गं, मिळाला का दरवाजा?"

मी पटकन फोन फिरवला. "आई, समुद्र बघा ना, किती छान दिसतोय!"

समुद्राच्या अलीकडे हेंक उभा होता. परतताना सगळे आजोबा मासे साफ करायला बसले होते. ते दोन्ही बाजूंचं मांस सुरीने काढून पिशवीत भरत होते आणि उरलेलं, म्हणजे नारळाएवढं डोकं, कल्ले, काटा, सगळं पाण्यात भिरकावत होते. मागून सीगल पक्ष्यांची फौज चालली होती.

फोनमधून किंकाळी आली. "अगं, तो काय टाकतोय? डोकं टाकतोय तो! धर त्याला! ए! ए दादा! नको टाकूस!"

हेंकने चमकून फोनकडे पाहिलं. हातातलं डोकं हातातच राहिलं.

"अगं, मासा राहू दे, डोकं घे!" आई ओरडत होत्या. "सगळी चव त्या डोक्यात! वड्या त्यांनाच खाऊ देत! किती आहेत? सगळी घे!"

मागून सईचा आवाज आला, "आजी, दॅट्स डिस्गस्टिंग!"

"तू गप्प बस. खाल्लंस की बोल."

मी हेंककडे वळले आणि माझ्या भांडणाच्या डचमध्ये विचारलं, "ही डोकी मला मिळतील?"

"मांजरासाठी?"

"नाही. सासूबाईंसाठी."

हेंकने सुरी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खोल आवाजात म्हणाला, "माझीही अशीच होती."

त्याचा गैरसमज दूर करण्याएवढं डच मला येत नव्हतं आणि वेळही नव्हता. मिलिंद, बापट आणि मी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटलो. ज्या खोक्यावर मी सकाळपासून उभी होते तेच सरळ करून त्यात डोकी गोळा करायला लागलो. आजोबांनाही मजा वाटू लागली. एकेक डोकं ते नेम धरून टाकायचे. शाकाहारी बापटाने एक तर सीगलच्या चोचीतून हिसकावून घेतलं. (पुढे तो महिनाभर हे सगळ्यांना सांगत होता. त्याच्या आईला सोडून.) बंदराला लागल्यावर डोकी आमच्या शीतपेटीत भरली आणि खोकं कप्तानाला परत केलं.

घरी पोचेपर्यंत उशीर झालाच. आईंनी पदर खोचला. मी कांदा चिरला, मिलिंदने डोकी धुतली, बापट खिडकीशी नाक धरून उभा राहिला. पातेल्यात वाटण पडलं, कोकम पडलं आणि त्या कालवणाचा वास रस्त्यापर्यंत गेला. शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मग थोड्या वेळाने उघडली.

भाताची वाफ मुरली, पानं मांडली आणि आईंनी मनगटाकडे पाहिलं.

बारा वाजून गेले होते. त्यांचे.

आई पातेल्याकडे बघत होत्या, मी आईंकडे. त्या बाईने पहाटेपासून वाटण वाटून वाट पाहिली होती आणि मी त्यांचा सगळा दिवस त्यांच्याच मुलाला ओढण्यात घालवला होता.

"काकू," बापटाने घसा साफ केला, "शास्त्राप्रमाणे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे अजून..."

"शास्त्र तुमच्या पुण्यात," आई म्हणाल्या.

मग त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. तो मान खाली घालून रिकाम्या ताटावर बोटाने रेघा ओढत होता, लहानपणी ओढत असेल तशाच. आईंनी घड्याळ मनगटावरून काढलं. बाजूची चावी बाहेर ओढली आणि मोठा काटा उलटा फिरवायला सुरुवात केली. सावकाश, आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. तीन महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरात सगळीकडे एकच वेळ झाली.

"राहतो त्या गावाची वेळ पाळावी माणसानं," त्या म्हणाल्या. "वाढ गं."

त्या रात्री सगळं पातेलं संपलं. मिलिंदने डोकी अशी चोखली की आई स्वतःचं जेवण विसरून त्याच्याकडेच बघत राहिल्या. सईने आधी नाक मुरडलं, मग एक डोळा खाल्ला, मग दुसऱ्यासाठी बापाशी भांडली. बापटाने नुसता भात खाल्ला, पण पातेल्याला शक्य तितकं जवळ बसून. सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर आईंनी चावी पुन्हा ओढली, काटे साडेतीन तास पुढे नेले आणि म्हणाल्या, "चला, लागला श्रावण."

मग त्यांनी मला विचारलं, "पण काय गं, दिवसभरात तू स्वतः काय पकडलंस ते सांगितलं नाहीस."

"तिनं मला पकडलं," मिलिंद म्हणाला. "आणि मी तिला." मग तो उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि टाळूपासून टाचेपर्यंत मला नीट न्याहाळून म्हणाला, "आई, कप्तानाचा नियम होता, मापात बसत नाही ते परत पाण्यात सोडायचं. तरी मी हिला घरी घेऊन आलो!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने आई. माझ्याकडे सणसणीत उत्तर तयार होतं. पण असलं उत्तर समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून द्यावं लागतं, आणि माझं खोकं बोटीवरच राहिलं होतं.